आवाज कुठे गेला, आणि स्क्रीन रेकॉर्डिंगची बाकीची रडगाणी

मागच्या अंकात मी जाता जाता म्हणून गेले की काँप्युटरवर जे दिसतंय ते रेकॉर्ड करायला आता काही इन्स्टॉल करावं लागत नाही, ब्राउझरमध्ये एखादी फुकट रेकॉर्डिंगवाली वेबसाइट उघडा, बटण दाबा, झालं. तर ते "झालं" मी परत घेते. इतक्या मेल आल्यात की संपादकांनी अख्खं सदर याच्यावरच कर म्हणून सांगितलं, आणि बहुतेकांचं दुखणं एकच, चित्र आलं पण आवाज कुठे गेला.

उत्तरांच्या आधी एक गोष्ट सांगते म्हणजे पुढे सारखं सांगायला नको. वेबसाइटला तुमची स्क्रीन आपणहून दिसत नाही, दिसायलाही नको. ती ब्राउझरकडे मागणी करते आणि ब्राउझर तुमच्यासमोर एक छोटी खिडकी उघडून विचारतो, काय दाखवू, एक टॅब, एक विंडो की अख्खी स्क्रीन? क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ही सोय साधारण २०१९ पासून सगळ्या वेबसाइटना मोकळी झाली, त्याआधी ब्राउझरला वेगळं एक्स्टेंशन जोडायची झंझट असायची. त्या खिडकीत खाली कोपऱ्यात आवाजाचं एक बारकं बटण असतं. आपण सगळे ती खिडकी अटी-शर्तींच्या पानासारखी न वाचता पुढे ढकलतो, आणि माझ्याकडे आलेल्या निम्म्या तक्रारी तिथेच जन्माला आल्यात.

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगोल्याजवळच्या एका शाळेत आठवीला गणित शिकवते. जिओजेब्रावर त्रिकोणाच्या रचना करून दाखवायच्या आणि मधे दुसऱ्या टॅबमधला एक छोटा व्हिडिओ लावायचा असं ठरवलं होतं. पहिल्यांदा नुसतं चित्र आलं. दुसऱ्यांदा माझा आवाज आला पण व्हिडिओ मुका. तिसऱ्यांदा दोन्ही आले पण व्हिडिओतला माणूस विहिरीत बसून बोलतोय असं वाटतंय. विंडोजचा लॅपटॉप, क्रोम ब्राउझर. मुलं हसतात हो.

उत्तर : बाई, तीन वेळा केलंत आणि तिन्ही वेळा वेगळी चूक सापडली, म्हणजे तुम्ही खरंच गणिताच्या शिक्षिका आहात! हे दोन वेगवेगळे आवाज आहेत आणि त्यांच्या परवानग्याही वेगळ्या. एक तुमचा, माइकमधून येणारा, त्यासाठी ब्राउझर वेगळं विचारतो आणि तिथे घाईत एकदा जरी ब्लॉक दाबलं की नंतर तो बापडा विचारतच नाही, गप्प बसून मुकं रेकॉर्डिंग करू देतो. ॲड्रेसबारच्या डाव्या टोकाला जे चिन्ह असतं त्यावर क्लिक करून मायक्रोफोन पुन्हा अलाऊ करायचा, पान रीफ्रेश करायचं. तुमच्या पहिल्या रेकॉर्डिंगचं बहुतेक हेच झालं असणार.

दुसरा आवाज काँप्युटरच्या आतला. दुसऱ्या वेळी तुम्ही बहुधा जिओजेब्राचा टॅब निवडलात, त्यामुळे फक्त त्याच टॅबचं चित्र आणि त्याच टॅबचा आवाज येणार, शेजारच्या टॅबमध्ये कुणी कितीही बोंबललं तरी नाही. तुम्हाला दोन टॅब वापरायचेत तर अख्खी स्क्रीन निवडा आणि खाली सिस्टीम ऑडिओचं बटण चालू करा, ते मुद्दाम बघा कारण अख्ख्या स्क्रीनला ते बऱ्याचदा बंदच असतं. विंडो निवडली तर आवाजाचं बटण बहुतेक वेळा नसतंच, तिकडे शोधत बसू नका. आणि फायरफॉक्सवाल्या वाचकांनो, तुमच्याकडे चित्र छान येईल, माइकही येईल, पण टॅबचा आवाज येत नाही, ती सोयच त्यात नाहीये, तेव्हा या कामापुरतं क्रोम किंवा मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर.

विहिरीचं कारण सोपं आहे. व्हिडिओचा आवाज आतून एकदा रेकॉर्ड होतोय आणि स्पीकरमधून बाहेर पडून माइकमध्ये शिरून परत एकदा. कानात इअरफोन घाला, विहीर बुजली. मोबाइलबरोबर मिळालेला साधा वायरवाला इअरफोनही चालतो, आणि त्याचा माइक लॅपटॉपच्या माइकपेक्षा तोंडाजवळ असतो हा वरचा फायदा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. रेकॉर्ड करण्याआधी कंट्रोल आणि प्लस दाबून पान १५० टक्क्यांपर्यंत मोठं करा. मुलं हे घरी वडलांच्या मोबाइलवर बघणार, तिथे तुमचा बिंदू ए आणि बिंदू बी दोन्ही डासाएवढे दिसतात.

प्रश्न : आमच्या गावात लोकांना डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन कसा काढायचा ते माहीत नाही, १५ रुपयांच्या उताऱ्याला तालुक्याला जाऊन शंभर रुपये घालवतात. म्हणून मी व्हिडिओ बनवला पण त्यात जिल्हा, तालुका, गाव निवडतो ती यादी उघडलेली दिसतच नाही, नुसता माउस हवेत फिरतो. पुढे पेमेंटचं पान तर अजिबात आलं नाही. टूल बोगस आहे का? — पारनेरहून एक पोरगा

उत्तर : टूल बोगस नाही रे दादा, तू टॅब निवडलास. सातबाऱ्याच्या फॉर्ममध्ये जी खाली लोंबणारी यादी उघडते ती ब्राउझर कधीकधी पानाच्या वर वेगळा तुकडा म्हणून काढतो, टॅबच्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त पान येतं, तो तुकडा येत नाही. विंडो निवडूनही कधीकधी हाच घोळ होतो. तसंच एखादी लिंक नव्या टॅबमध्ये उघडली की रेकॉर्डिंग जुन्या टॅबकडेच टक लावून बसतं, तुझं पेमेंट तिथेच हरवलं. फॉर्म भरून दाखवायचा असेल, फाइल अपलोड करायची असेल, प्रिंटची खिडकी दाखवायची असेल तर डोळे झाकून अख्खी स्क्रीन. टॅब कधी? एकाच पानावर शेवटपर्यंत काम आहे आणि बाकीचं कुणाला दिसू नये असं वाटतं तेव्हा.

पेमेंट मात्र रेकॉर्ड करूच नकोस. पेमेंटच्या पानाशी थांबव, तोंडी सांग की इथे पैसे भरायचे, मग उतारा डाउनलोड होतो तिथून दुसरा तुकडा. आणि गट नंबर स्वतःच्याच घरचा घे, भावकीतल्या कुणाचा उतारा उघडून गावभर फिरवलास तर व्हिडिओपेक्षा भांडण जास्त व्हायरल होईल.

प्रश्न : फुकट रेकॉर्डरने १२ मिनिटांचं रेकॉर्डिंग केले, पीएफचे पासबुक ऑनलाइन कसे पाहावे या विषयी, आमच्या जुन्या कंपनीतल्या सहकाऱ्यांसाठी. फाइलचे नाव वेबएम असे काहीतरी आहे. माझ्या काँप्युटरवर चालते पण पुढे सरकवता येत नाही, किती मिनिटांची आहे तेही दाखवत नाही. व्हॉट्सॲपवर टाकली तर निम्म्या लोकांचे म्हणणे उघडत नाही. — एक निवृत्त, डोंबिवली

उत्तर : काका, हा प्रश्न मला फार आवडला कारण मी स्वतः यात दोन संध्याकाळी घालवल्यात. वेबएम हा गूगलने २०१० मध्ये आणलेला व्हिडिओ फाइलचा प्रकार, कुणाला लायसन्सचे पैसे द्यावे लागू नयेत म्हणून. क्रोमवाले रेकॉर्डर बहुतेक तोच देतात, नवीन क्रोममध्ये आता एमपी४ चीही सोय आलीये पण सगळ्या वेबसाइटनी ती घेतलेली नाही. ॲपलच्या सफारी ब्राउझरवर उलट थेट एमपी४ मिळते.

आता लांबी का दिसत नाही. लग्नात आहेराची वही लिहितात ना, समजा कुणी पहिल्याच पानावर "एकूण रक्कम" असं लिहून पुढे जागा कोरी सोडली आणि मग पाकिटं येतील तशी नोंद करत गेला, आणि शेवटी मांडव उतरवायच्या गडबडीत पहिल्या पानावर जाऊन आकडा भरायचाच राहिला. तुमच्या फाइलचं तेच झालंय. रेकॉर्डिंग सुरू होताना लांबी किती होणार हे ब्राउझरला माहीत नसतं, तो ती जागा सोडून लिहीत सुटतो, आणि बरेचसे फुकट रेकॉर्डर नंतर मागे जाऊन आकडा भरत नाहीत. सगळ्या नोंदी शाबूत आहेत, फक्त बेरीज आणि कुठली नोंद कुठल्या पानावर ते लिहिलेलं नाही, म्हणून पुढे सरकवता येत नाही.

उपाय म्हणजे फाइल एकदा दुसऱ्या प्रोग्रॅममधून फिरवून काढायची. हँडब्रेक नावाचा प्रोग्रॅम फुकट आहे, त्यात फाइल ओढून टाकायची, एमपी४ निवडायचं, स्टार्ट. तुमच्याकडे व्हीएलसी प्लेअर असेलच, त्यातही मीडिया मेन्यूत कन्व्हर्ट ऑर सेव्ह असं आहे, पण मला हँडब्रेक कमी कटकटीचा वाटतो. एमपी४ झाली की व्हॉट्सॲपवर कुणाचीही तक्रार येणार नाही. नाहीतर सरळ यूट्यूबवर अनलिस्टेड म्हणून, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असा, चढवा आणि लिंक पाठवा, यूट्यूब वेबएम घेतं आणि आहेराची वही स्वतःच नीट करून ठेवतं. ग्रुपमधल्या लोकांच्या मोबाइलची जागाही वाचेल. हिशोब सांगते, रेकॉर्डर सेकंदाला २.५ मेगाबिट या वेगाने लिहीत असेल तर मिनिटाला जवळजवळ १९ एमबी होतात, म्हणजे तुमची १२ मिनिटं सव्वादोनशे एमबीच्या घरात.

पण काका, एक मिनिट. पासबुक कुणाचं दाखवलंत? तुमचंच ना? त्यात तुमचा यूएएन म्हणजे पीएफचा १२ आकडी नंबर, नाव, रक्कम सगळं दिसतंय. अजून फार पसरली नसेल तर ती फाइल ग्रुपमधून सगळ्यांसाठी डिलीट करा आणि नवीन करताना लॉगिन झाल्यावरच्या भागावर काळी पट्टी टाका, किंवा तेवढा भाग न दाखवता नुसतं बोलून सांगा.

प्रश्न : मी फोंड्याला हार्मोनियम शिकवते. नोटेशनचं पान स्क्रीनवर ठेवून शेजारी पेटी वाजवते आणि दोन्ही रेकॉर्ड करते. बोललेलं स्वच्छ ऐकू येतं पण पेटीचा सूर धरला की दोनतीन सेकंदांत आवाज बसत जातो, तानपुरा तर गायबच. माइक बदलून पाहिला. काय करू?

उत्तर : माइक परत करता येत असेल तर परत करा, त्याची काही चूक नाही. ब्राउझरमधला माइक मुळात बोलण्यासाठी बसवलेला आहे. मीटिंगमध्ये पंख्याची घरघर, एसीचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून ब्राउझर आपणहून एकसारखा चालू असलेला आवाज ओळखून दाबतो. आता बिचाऱ्याला काय माहीत की हा पंखा नाही, तानपुरा आहे! न थांबता, न बदलता चालू राहणं हाच तर तानपुऱ्याचा गुण आणि तोच इथे गुन्हा ठरतो. शिवाय आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी आणखी एक गोष्ट असते, त्याने तुम्ही पेटीवर जोर दिलात तरी तो जोर सपाट होऊन जातो.

रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन, ऑटो गेन अशी नावं शोधा आणि तिन्ही बंद करा. पण खरं सांगू, बऱ्याच फुकट वेबसाइटवर ही बटणं दिलेलीच नसतात आणि मग तिथे काही करता येत नाही. अशा वेळी ओबीएस स्टुडिओ नावाचा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम इन्स्टॉल करा, तोही फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पहिल्यांदा उघडल्यावर विमानाच्या कॉकपिटसारखा दिसतो पण तुम्हाला त्यातल्या दोनच गोष्टी लागतील, डिस्प्ले कॅप्चर म्हणजे स्क्रीन, आणि माइक. संगीतासाठी ब्राउझरवाल्या टूलच्या मागे लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना काही इन्स्टॉल करायचंच नाही त्यांनी पेटी मोबाइलवर वेगळी रेकॉर्ड करून नंतर जोडावी, पण दर आठवड्याला ते करायचं म्हणजे कंटाळा येतो, मला तरी आला असता.

फटाफट

मोबाइलच्या ब्राउझरवर होत नाही, असं पाचसहा जणांनी लिहिलंय. नाहीच होणार, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ही सोय नाहीये. अँड्रॉइड ११ पासून वरून खाली ओढायच्या पट्टीतच स्क्रीन रेकॉर्डर आहे आणि आयफोनला तर आयओएस ११ पासून, ते वापरा.

ओटीटीवरचा सिनेमा रेकॉर्ड केला तर काळं येतं. येणारच, ते मुद्दाम तसं लॉक केलेलं असतं. पुढचं विचारू नका.

मॅकवर स्क्रीन निवडूनही रेकॉर्डिंग होत नाही. मॅकमध्ये सिस्टीम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीच्या पानावर स्क्रीन रेकॉर्डिंगच्या यादीत तुमच्या ब्राउझरला टिक करावी लागते, मग ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडायचा. खरं तर मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ५ दाबलं की त्याचा स्वतःचाच रेकॉर्डर येतो, विंडोज ११ मध्ये तीच सोय स्निपिंग टूलमध्ये आहे. वेबसाइट लागते ती मुख्यतः जुन्या विंडोजवाल्यांना, किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करू देत नाहीत अशांना.

प्रश्न : आमच्या सोसायटीचे अकाउंट्स नवीन सेक्रेटरीला समजावून सांगायला मी रेकॉर्डिंग करणार आहे. पण ही फुकटची वेबसाइट आमचे रेकॉर्डिंग स्वतःकडे ठेवून घेत नसेल कशावरून? फुकट कोण काय देतं? — मावळते सेक्रेटरी, पुणे

उत्तर : पुण्याहून हा प्रश्न आला नसता तरच नवल! पण शंका रास्त आहे. वेबसाइट दोन जातीच्या असतात. एक जात सगळं काम तुमच्याच काँप्युटरवर करते, व्हिडिओ ब्राउझरमध्ये बनतो आणि डाउनलोड होतो, बाहेर काही जात नाही. दुसरी जात त्यांच्या सर्व्हरवर चढवते आणि तुम्हाला लिंक देते, तिथे बहुधा अकाउंट उघडायला लावतात. ओळखायचं कसं? वेबसाइट उघडा, मग वायफाय बंद करा, आणि नुसतं नोटपॅडवर काहीतरी टाइप करत अर्धा मिनिट रेकॉर्ड करून डाउनलोड करून बघा. नेट नसताना फाइल मिळाली म्हणजे व्हिडिओ तुमच्याच मशिनवर तयार होतोय. नेट परत जोडायच्या आधी तो टॅब बंद केलात तर मनातली उरलेली शंकाही जाईल. माझ्या ओळखीच्या एका सीए बाई क्लायंटचं काही रेकॉर्ड करायचं असेल तर दर वेळी वायफाय बंद करूनच करतात.

पहिल्या जातीचा एक तोटा मात्र आहे. व्हिडिओ तयार होऊन डाउनलोड होईपर्यंत तो बऱ्याचदा त्या टॅबच्या पोटातच असतो, टॅब बंद झाला की गेला. मी एकदा पन्नास मिनिटं घसा कोरडा करून बोलले आणि सवयीने टॅब बंद केला, डाउनलोड न करता. नवरा विचारत होता काय झालं, मी सांगितलंच नाही. तेव्हापासून सहासात मिनिटांचे तुकडे करते, प्रत्येक तुकडा लगेच डाउनलोड. जुन्या, कमी रॅमच्या लॅपटॉपलाही तेच झेपतं.

आणि वेबसाइटपेक्षा मोठा धोका तुमच्याच स्क्रीनवर असतो. रेकॉर्डिंगच्या आधी डू नॉट डिस्टर्ब लावा, नाहीतर मेंटेनन्सचा हिशोब समजावताना कोपऱ्यात कुणाचा काय मेसेज टपकेल सांगता येत नाही. व्हॉट्सॲप वेब बंद. ब्राउझरची गेस्ट विंडो उघडा म्हणजे तुमचे बुकमार्क, जुने सर्च काही दिसत नाहीत. थकबाकीदारांची नावं असलेलं शीट दाखवण्याआधी दोनदा विचार करा, किंवा त्या कॉलममध्ये खोटी नावं घालून एक कॉपी बनवा. ऑनलाइन मीटिंग रेकॉर्ड करायची असेल तर सगळ्यांना आधी सांगा, आपल्याला न सांगता रेकॉर्ड केलेलं कुणालाच आवडत नाही.

एक फरकही लक्षात घ्या, विशेषतः ज्येष्ठांनी. तुम्ही स्वतः रेकॉर्ड करणं वेगळं आणि फोनवरच्या कुणी अनोळखी माणसाने "तुमची स्क्रीन दाखवा, मी मदत करतो" म्हणणं वेगळं. त्याच मार्गाने खाती रिकामी होतात, रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच दुसऱ्याला तुमचा फोन दुरून चालवू देणाऱ्या अशा रिमोट ॲपबद्दल बँकांना सावध केलं होतं. असं काही घडलंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

प्रश्न : ताई मी म्युनिकमध्ये मास्टर्स करतोय, प्रेझेंटेशन रेकॉर्ड करताना कोपऱ्यात माझा चेहरा गोलात दिसावा म्हणून तसं टूल घेतलं पण स्लाइड्सवर गेलो की व्हिडिओ अडकत अडकत चालतो, टूलच्या टॅबवर परत आलो की नीट.

उत्तर : तुझा चेहरा आणि स्लाइड एकत्र चिकटवायचं काम त्या टूलच्या पानावर चित्रासारखं चालू असतं, आणि ब्राउझर जो टॅब दिसत नाही त्याचं चित्र काढणं बॅटरी वाचवायला थांबवतो किंवा अगदी हळू करतो. टूलचा टॅब ओढून वेगळी विंडो कर, मिनिमाइझ करू नकोस, आणि स्लाइड्सच्या विंडोखाली पूर्ण झाकूनही टाकू नकोस, एक कोपरा दिसत राहू दे. स्लाइड्स त्यासाठी फुलस्क्रीन न करता विंडोमध्येच चालव, आणि अख्खी स्क्रीन न निवडता ती विंडोच निवड, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये टूल, टूलमध्ये रेकॉर्डिंग, त्यात परत टूल असा आरसेमहाल होतो.

प्रश्न : वय ७१. नातीने शिकवलं, मी भिशीच्या मैत्रिणींसाठी ऑनलाइन शब्दकोडं सोडवताना रेकॉर्ड करते. पण थांबवायचं बटण सापडतच नाही, दर वेळी शेवटची दोन मिनिटं मी "अगं ते कुठे गेलं" म्हणत फिरतेय हेच रेकॉर्ड होतं. नात म्हणते तेच सगळ्यात भारी असतं. — कराडच्या आजी

उत्तर : आजी, थांबवायला टूलच्या टॅबवर जायची गरजच नाही. रेकॉर्डिंग चालू असताना क्रोम स्क्रीनवर एक छोटी पट्टी दाखवतो, तिच्यावर स्टॉप शेअरिंग लिहिलेलं असतं, ते दाबलं की बहुतेक टूल आपोआप थांबतात आणि डाउनलोडचं बटण समोर येतं. पट्टी मधेच अडचण होते म्हणून बाजूला ओढून ठेवलीत तर कुठे ठेवली ते लक्षात असू द्या, किंवा नातीला सांगून मॉनिटरच्या त्या कोपऱ्यावर बाहेरून टिकली चिकटवून घ्या. शेवट कापायचा असेल तर विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प आहे, त्यात फाइल घ्यायची, उजवं टोक धरून मागे ओढायचं आणि एक्सपोर्ट. बाकी ती दोन मिनिटं कापायची की नाही हे भिशीतल्या मैत्रिणींना विचारून ठरवा, मला मात्र एक व्हिडिओ न कापता पाठवा.